महालनोबीसांचे मोजमाप

फडणवीस, चिटणीस, पोतनीस ही आडनावे आपल्या जुन्या संस्थानी घराण्यांना नवी नाहीत. नवीस म्हणजे लिहिणारा. बंगालातले महालनोबीस हे आडनाव त्याच जातकुळीचे, फक्त बंगाली उच्चाराने थोडे बदललेले. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी हे आडनाव सार्थ केले असे म्हणायला हरकत नाही, कारण साऱ्या देशाचा जमाखर्च कसा मांडावा याची शिस्त त्यांनी घालून दिली.

त्यांचा जन्म कलकत्त्यात 29 जून 1893 रोजी एका ब्राह्मो कुटुंबात झाला. प्रेसिडेन्सी कॉलेजातून 1912 साली पदार्थविज्ञान घेऊन ते पदवीधर झाले आणि पुढच्या वर्षी विलायतेस गेले. बेत लंडनला शिकण्याचा होता. केंब्रिज पाहायला म्हणून गेले असता परतीची शेवटची गाडी चुकली, एका स्नेह्याकडे मुक्काम पडला, किंग्ज कॉलेजचे प्रार्थनामंदिर पाहून मन तिथेच जडले आणि त्यांनी त्याच कॉलेजात नाव घातले. 1915 साली पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन ते मायदेशी निघाले, तर महायुद्धामुळे बोट लांबली. रिकामपणी ग्रंथालयात बसलेले असताना मॅकॉले नावाच्या शिक्षकांनी ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाचे खंड त्यांना दाखविले. प्रशांतचंद्रांनी ते विकत घेतले आणि बोटीवर वाचीत आले. आले होते सुट्टीसाठी. पण प्रेसिडेन्सीत शिकवू लागले आणि इथेच राहिले.

नव्या विद्येचा पहिला उपयोग त्यांनी केला तो परीक्षेच्या गुणांवर. आचार्य ब्रजेंद्रनाथ सील यांनी कलकत्ता विद्यापीठाचे निकाल तपासण्याचे काम त्यांच्यावर सोपविले. आम्हा शिक्षकांना यातली गोम चटकन कळेल. समजा, गायनाच्या एका वर्गात तिघांना 48, 50 आणि 52 गुण मिळाले व दुसऱ्या वर्गात 20, 50 आणि 80. सरासरी दोन्हीकडे 50च. पण पहिल्या वर्गाला एकाच चालीने शिकविता येते. दुसऱ्यात एकजण स्वरातच चाचपडतो आहे आणि एकजण तान घेतो आहे. सरासरी सांगून थांबणारा मास्तर या दोन वर्गांना एकच समजेल. मध्य कुठे आहे याबरोबरच पसारा किती, टोके कुठवर गेली आहेत, हेही विचारले पाहिजे.

1920 साली नागपूरला सायन्स काँग्रेसचे अधिवेशन भरले. तिथे प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक नेल्सन अ‍ॅनन्डेल भेटले. कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांची शरीरमापे त्यांच्याजवळ पडून होती. त्यांतल्या 200 पुरुषांच्या उंचीचा अभ्यास महालनोबीसांनी 1922 मध्ये प्रसिद्ध केला. मग ते बंगालातल्या जातींकडे वळले. हा विषय नुसत्या आकड्यांचा नव्हता. नाकाच्या मापावरून जातीची पायरी ठरते असा सिद्धांत रिस्ले नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मांडलेला होता. महालनोबीसांनी रिस्लेचीच मापे घेऊन पाहिले, तर बंगाली ब्राह्मण हा बाहेरच्या ब्राह्मणापेक्षा शेजारच्या इतर बंगाली जातींना अधिक जवळचा निघाला!

पण ‘जवळचा’ म्हणजे किती? लंडनचे कार्ल पिअर्सन यांची एक मोजणी प्रचारात होती. तिच्यात माणसे जास्त मोजली की दोन गटांतले अंतरही वाढलेले दिसे. शिवाय उंच माणसाचे हातही लांबच असतात. उंची आणि हात ही दोन स्वतंत्र साक्षी म्हणून मोजली तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. तंबोऱ्याच्या जोडाच्या दोन तारा एकच षड्ज बोलतात, त्यांना दोन स्वर कोण म्हणेल? महालनोबीसांनी दोन गटांच्या सरासऱ्यांतला फरक त्यांच्या पसाऱ्याशी ताडून आणि मापांचे आपसांतले नाते वजा करून अंतर काढण्याची रीत बसविली. 1936 सालचा तो निबंध. ‘महालनोबीस अंतर’ हे नाव जगभर आजही चालते.

दरम्यान उत्तर बंगालात 1922 साली मोठा पूर आला. पाणी अडविण्यासाठी खर्चिक तलाव बांधावेत असा इंजिनियरांचा विचार होता. महालनोबीसांनी सुमारे 50 वर्षांचा पाऊस व पूर पडताळून दाखविले की तलाव निरुपयोगी ठरतील, पाण्याला लवकर वाट मिळाली पाहिजे. 1926 च्या ओरिसातल्या पुरानंतर नदीचे पात्र वर आले म्हणून बांध उंच करा असे सांगण्यात आले. 60 वर्षांच्या नोंदींत पात्र वर आल्याचे दिसेना.

1931 च्या डिसेंबरात भारतीय संख्याशास्त्र संस्था उभी राहिली, 1933 मध्ये ‘संख्या’ नियतकालिक निघाले, 1937 पासून तागाच्या पिकाची नमुना पाहणी सुरू झाली. पाहणीतली त्यांची एक युक्ती मला फार आवडते. एकाच मुलखाचे दोन स्वतंत्र नमुने दोन तुकड्यांकडून मोजून घ्यायचे आणि आकडे शेजारी ठेवायचे. मोजणाऱ्याची चूक लपत नाही.

त्यांना तोलामोलाचा प्रतिपक्षी भेटला तो मात्र मराठी. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे. पीक अजमावण्यासाठी महालनोबीस शेतात लहान लहान तुकडे कापीत. लहान तुकड्यात कडेवरची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगून दिसते, हे सुखात्म्यांनी 1946 मध्ये दाखवून दिले. वाद कडाक्याचा झाला. प्रश्न धान्याचा होता आणि बंगालचा 1943 चा दुष्काळ ताजा होता. माझ्या मते या मुद्द्यावर सुखात्म्यांचीच बाजू बळकट होती.

1950 ची राष्ट्रीय नमुना पाहणी आणि दुसरी पंचवार्षिक योजना ही कामे सर्वांना ठाऊक आहेत. उतारवयातले एक कमी ठाऊक आहे. दोन काळांतली सुबत्ता ताडायची तर रुपयाची किंमतच बदललेली. म्हणून त्यांनी कुटुंबे गरिबापासून श्रीमंतापर्यंत ओळीने लावली, ओळीचे सारखे भाग पाडले आणि प्रत्येक भागाचा खर्च आलेखावर मांडला. इथेही दोन अर्ध्या नमुन्यांच्या दोन रेषा. त्यांच्यातली फट म्हणजे पाहणीची चूक. दोन काळांतली फट तिच्याहून मोठी असेल, तरच फरक खरा धरायचा. ही रीत त्यांनी 1960 साली प्रसिद्ध केली, तेव्हा ते 66 वर्षांचे होते. 28 जून 1972 रोजी, एकोणऐंशीव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्यांचे कलकत्त्यात निधन झाले.