पृथ्वी का पडत नाही? – भास्कराचार्यांचे जीवन व विचार

अकोले तालुक्यात पावसाळ्याचे दिवस आले की प्रवरा नदी रंधा येथे कड्यावरून खोल दरीत झेपावते. पाणी खालीच का जाते, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. याच सह्याद्रीच्या आश्रयाने सुमारे नऊशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एका विद्वानाला मात्र तो पडला. ते विद्वान म्हणजे भास्कराचार्य.

त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा. सह्याद्रीच्या पायथ्याचे विज्जलविड हे आपले गाव असल्याचे त्यांनी स्वतः नोंदविले आहे. ते आजचे कोणते, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ हा ग्रंथ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. पुढे ११८३ मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला.

पृथ्वी कोणाच्या तरी आधारावर टेकलेली आहे, अशी त्या काळी पुष्कळांची समजूत होती. भास्कराचार्यांनी गोलाध्यायात तिची तर्काने परीक्षा केली. पृथ्वीला आधार हवा, तर त्या आधारालाही आधार हवा, आणि ही मालिका कधी संपणारच नाही. शेवटी कोणी तरी स्वतःच्या शक्तीने स्थिर आहे असे मानावेच लागणार असेल, तर ते पृथ्वीविषयीच का मानू नये? पृथ्वीच्या ठायी आकर्षणशक्ती आहे. आकाशातील जड वस्तू ती आपल्याकडे ओढते आणि त्या पडल्यासारख्या दिसतात. पृथ्वीच्या सभोवती मात्र आकाश सर्वत्र सारखेच. मग ती पडणार तरी कोठे? गोलाच्या पलीकडच्या बाजूस राहणारी माणसेही आपल्यासारखीच निर्धास्त उभी असतात, हेही त्यांनी सांगितले. ग्रहाची गती क्षणोक्षणी बदलते हे ओळखून एखाद्या विशिष्ट क्षणीची गती काढण्याची रीतही त्यांनी दिली.

त्यांचा गौरव करताना सत्याची मर्यादा सांभाळली पाहिजे. जड वस्तूंचे पृथ्वीकडे येणे हा विचार त्यांच्याआधी सातव्या शतकात ब्रह्मगुप्तांनी मांडला होता. भास्कराचार्य पृथ्वीला स्थिर मानीत. आज आपण जाणतो की ती सूर्याभोवती फिरते. प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला ओढते, अंतर दुप्पट झाले तर ओढ चौथाई होते, आणि फळाला खाली आणणारे बलच चंद्राला त्याच्या कक्षेत राखते, हा गणिती नियम न्यूटन यांनी १६८७ मध्ये सिद्ध केला. एकाला मोठे करण्यासाठी दुसऱ्याला लहान करण्याचे कारण नाही.

आपणा ख्रिस्ती भाविकांनाही येथे अंतर्मुख व्हावे लागते. पृथ्वी फिरते असे मानणाऱ्या गॅलिलिओंना १६३३ मध्ये धर्मन्यायालयाने दोषी ठरविले. त्यांचा न्याय करणाऱ्या धर्मपंडितांची चूक झाली होती, हे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ मध्ये जाहीरपणे मान्य केले. श्रद्धा आणि बुद्धी ही दोन्ही परमेश्वराचीच देणगी आहे. म्हणून प्रामाणिक प्रश्नाचे भय श्रद्धेला असू नये. भास्कराचार्य आपल्या धर्मपरंपरेत राहूनच रूढ समजुतीला प्रश्न विचारू शकले, हे आपण ध्यानात घ्यावे.

त्यांची विद्या त्यांच्याबरोबर संपली नाही. त्यांचे नातू चांगदेव यांनी या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला. १२०७ सालच्या शिलालेखात त्याची नोंद असून डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. आजोबांचे ज्ञान नातवाने पुढच्या पिढ्यांसाठी जपले. आपल्या घरातील मुले ‘असे का?’ म्हणून विचारतील, तेव्हा त्यांना गप्प न बसविता त्यांच्याबरोबर उत्तर शोधणे, ही आपणा पालकांची, शिक्षकांची व धर्मगुरूंची जबाबदारी आहे. सृष्टीचे नियम जाणून घेणे हाही तिच्या निर्मात्याला वंदन करण्याचाच एक मार्ग आहे.