फ्रान्सिस पर्किन्स आणि राज्याराज्यांत वाटला गेलेला बेकारी विमा

अमेरिकेत एखाद्याने वर्षातले काही महिने ओहायोत आणि काही महिने इंडियानात काम केले आणि मग त्याची नोकरी गेली, तर बेकारी भत्त्यासाठी त्याने कोणत्या राज्याकडे अर्ज करावा? प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. त्याचे मूळ मात्र १९३४ साली वॉशिंग्टनमध्ये घेतल्या गेलेल्या एका राजकीय निर्णयात आहे आणि त्या निर्णयाची धुरा फ्रान्सिस पर्किन्स यांच्याकडे होती.

पर्किन्सबाईंचा जन्म १८८० चा, बोस्टनचा. शिकागोच्या हल हाउसमध्ये त्यांनी स्थलांतरित कामगारांचे जिणे जवळून पाहिले आणि १९१० मध्ये कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी घेतली. (तीन वर्षांनी त्याच विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर दाखल झाले. पुढे दोघांनीही आपापल्या देशाचे कामगार खाते सांभाळले, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.) २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्याला आग लागली तेव्हा त्या जवळच चहाला गेल्या होत्या. धावत जाऊन त्यांनी पाहिले ते खिडक्यांतून उड्या टाकणाऱ्या मुलींचे दृश्य. बाहेर पडण्याचे एक दार कुलूपबंद होते. १४६ जीव गेले. कामगारांचे रक्षण कायद्यानेच होऊ शकते, ही त्यांची धारणा त्या दिवशी पक्की झाली.

पुढे गव्हर्नर रूझवेल्ट यांनी त्यांना न्यूयॉर्क राज्याच्या कामगार खात्याचे प्रमुख केले आणि १९३३ मध्ये अध्यक्ष होताच देशाच्या कामगारमंत्री. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातील त्या पहिल्या महिला. पतीच्या दीर्घ मानसिक आजारामुळे घरचा भारही त्यांच्यावरच होता.

जून १९३४ मध्ये रूझवेल्ट यांनी आर्थिक सुरक्षेसाठी नेमलेल्या समितीच्या त्या अध्यक्षा झाल्या. म्हातारपणीच्या निवृत्तिवेतनाबाबत समितीत फारशी ओढाताण झाली नाही. ती झाली बेकारी विम्यावरून. तो केंद्राने चालवावा की राज्यांनी? कामगार राज्याची सीमा ओलांडतो तेव्हा त्याची नोंद त्याच्यासोबत गेली पाहिजे, हा केंद्रीय योजनेचा बिनतोड युक्तिवाद होता. परंतु सर्वोच्च न्यायालय केंद्राच्या नव्या अधिकारांकडे संशयाने पाहत होते, काँग्रेसमधील सदस्यांना आपापल्या राज्यांचे हक्क प्यारे होते आणि विस्कॉन्सिनने १९३२ मध्येच स्वतःचा कायदा केलेला होता. एकदा केंद्रीय योजनेकडे झुकलेली समिती मागे फिरली. डिसेंबरच्या अखेरीस पर्किन्सबाईंनी सहकाऱ्यांना घरी बोलावले, टेबलावर व्हिस्कीची बाटली ठेवली आणि निर्णय झाल्याशिवाय कोणाला उठू दिले नाही, असे त्या सांगत.

निघालेला मार्ग चतुर होता. केंद्राने मालकांवर वेतनाच्या प्रमाणात कर बसवायचा. ज्या राज्यात मान्य बेकारी विमा योजना असेल तेथील मालकांना त्या करात नव्वद टक्क्यांपर्यंत सूट द्यायची. सक्ती कोणावरच नाही, पण योजना न करणाऱ्या राज्याचा पैसा वॉशिंग्टनला जाणार. १४ ऑगस्ट १९३५ रोजी कायद्यावर सही झाली. मे १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरला आणि त्या वर्षाच्या मध्यापर्यंत सर्व राज्यांनी आपापले कायदे केले.

किंमत मोजली ती फिरत्या कामगाराने. प्रत्येक राज्याची किमान कमाईची अट वेगळी, भत्त्याचा दर आणि मुदतही वेगळी. कमाई दोन राज्यांत विभागली गेली, की माणूस दोन्हीकडे अपात्र ठरू शकत असे. शेतमजूर आणि घरकामगार तर कायद्याबाहेरच राहिले. ओक्लाहोमातून कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या कुटुंबांना १९३६ मध्ये लॉस एंजेलिसचे पोलीस थेट राज्याच्या सीमेवर जाऊन अडवत होते. त्यांच्या हाती या कायद्याने काहीच दिले नाही.

पर्किन्सबाई चुकल्या का? १९३४ पुरते तरी तसे म्हणता येत नाही. पाच विरुद्ध चार हा निकालच त्यांची सावधगिरी रास्त ठरवतो. खरी संधी हुकली ती निकालानंतर. तोवर राज्यांची कार्यालये उभी राहिली होती आणि कमी दराची सवय झालेले मालक राज्यांच्या बाजूने उभे होते. एकदा वाटलेला अधिकार परत गोळा करणे किती कठीण, हे दिल्लीत फाइली हाताळणाऱ्यांना सांगायला नको. आपल्या १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या नावात ‘राज्य’ असले तरी महामंडळ केंद्राचे आहे. बेकारी भत्ता मात्र त्यात २००५ मध्ये आला. बांधकाम मजुरांची कल्याण मंडळे १९९६ च्या कायद्याने राज्यवारच झाली, आणि आज नोएडात तर उद्या गुरगावात राबणाऱ्या मजुराला त्याचा अर्थ नेमका ठाऊक आहे.

अमेरिकेत राज्यांनी आपसांत करार करून वाट काढली : अर्ज राहत्या राज्यात द्यायचा, पैसे जिथे काम केले त्या राज्याने द्यायचे. अनेक राज्यांतील कमाई एकत्र धरणे काँग्रेसने १९७० मध्ये सर्व राज्यांना बंधनकारक केले. आता सर्वसाधारणपणे अर्जाआधीच्या पाच पूर्ण तिमाह्यांपैकी पहिल्या चारांतील कमाई पाहतात. अर्जदार ज्या राज्यांत कमावता होता त्यांपैकी एक निवडतो, बाकीची कमाई तिकडे वर्ग होते आणि भत्ता त्या राज्याच्या नियमांनी ठरतो. त्यामुळे निवड चुकली, तर भत्ता कमी मिळतो.

पर्किन्सबाईंनी १९४५ मध्ये मंत्रिपद सोडले. उतारवयात त्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवत आणि मे १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले. कमाई जोडण्याची सक्ती त्यांच्या पश्चात पाच वर्षांनी आली. वॉशिंग्टनमधील कामगार खात्याच्या इमारतीला १९८० पासून त्यांचे नाव आहे. बेकारीचा अर्ज तेथे घेतला जात नाही. तो आजही राज्याच्याच कार्यालयात द्यावा लागतो.