संत बहिणाबाई : तेरा जन्मांची कथा

मराठी संतकवयित्रींमध्ये बहिणाबाईंचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. त्यांनी आपले चरित्र स्वतः अभंगबद्ध केले आणि त्यात या जन्मासह मागील जन्मांचीही हकिकत सांगितली.

बहिणाबाईंचा जन्म १६२८ मध्ये वेरूळजवळील देवगाव येथे झाला. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. बालपणीच त्यांचा विवाह रत्नाकर पाठक या वयाने बऱ्याच मोठ्या बिजवराशी झाला. पुढे कौटुंबिक कलहामुळे सर्वांना गाव सोडावे लागले. पंढरपूरमार्गे फिरत हे कुटुंब कोल्हापूरला स्थिरावले.

तेथे घरी एक गाय व तिचे वासरू आले. वासराला बहिणाबाईंचा इतका लळा लागला, की ते त्यांच्यामागे जयराम स्वामींच्या कीर्तनालाही जाई. एकदा लोकांनी त्याला बाहेर हाकलले. तेव्हा स्वामींनी, त्याच्या ठायीही तोच आत्मा आहे, असे सांगून त्याला आत आणविले. ही गोष्ट गावभर झाली आणि संतापलेल्या पतीने बहिणाबाईंना निर्दयपणे मारले. पुढे वासरू मरण पावले. ते पूर्वजन्मीचे योगभ्रष्ट, म्हणजे साधना अपुरी राहिलेले साधक असावे, असे लोक मानू लागले. वासराच्या वियोगाने बहिणाबाई कित्येक दिवस बेशुद्ध होत्या. त्या अवस्थेत संत तुकारामांनी स्वप्नात येऊन आपणास मंत्र दिला, असे त्यांनी लिहिले आहे.

ब्राह्मण स्त्रीने कुणबी कुळातील संताला गुरू मानावे, हे वेदपाठी रत्नाकरांना असह्य झाले. ते घर सोडून जाण्यास निघाले. परंतु आजारी पडले आणि त्या आजारात त्यांचे मन पालटले. मग पतिपत्नी देहूस गेली. तेथे मंबाजीने त्यांचा छळ केला, तरी बहिणाबाईंची निष्ठा ढळली नाही.

या निष्ठेमागे एक विचार होता. वेदान्तानुसार दिसणारा स्थूल देह मृत्यूबरोबर नष्ट होतो. परंतु पाच ज्ञानेंद्रियशक्ती, पाच कर्मेंद्रियशक्ती, पाच प्राण, मन व बुद्धी या सतरा घटकांचा सूक्ष्म देह उरतो. यालाच लिंगदेह म्हणतात. कर्मांचे संस्कार घेऊन तो नव्या शरीरात जातो. आत्मा मात्र या सर्वांचा साक्षी असून त्याला जन्म नाही, मरणही नाही. असे असेल, तर जात कोणाची? बहिणाबाईंनी ‘वज्रसूची’ या संस्कृत उपनिषदाचा अर्थ मराठी अभंगांत मांडला. एकच जीव अनेक देहांतून फिरतो, म्हणून जीव ब्राह्मण ठरत नाही. सर्वांचे देह पंचमहाभूतांचेच, म्हणून देहही ब्राह्मण ठरत नाही. ज्याने ब्रह्म जाणले, तोच ब्राह्मण, हा त्याचा निष्कर्ष होय. पतीच्या आक्षेपाला यापेक्षा समर्पक उत्तर कोणते असणार?

तथापि बहिणाबाईंनी संसाराचा त्याग केला नाही. स्त्रीदेहामुळे वेदाधिकार मिळाला नाही, ही खंत त्यांनी निर्भीडपणे व्यक्त केली. त्याच वेळी पतिसेवेचा धर्मही निष्ठेने पाळला. हा ताण त्यांच्या अभंगांतून अखेरपर्यंत जाणवतो.

१७०० मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, मृत्यू समीप आल्याचे त्यांनी ओळखले. मुलगा विठोबा याला त्यांनी आपल्या मागील बारा जन्मांचा वृत्तान्त सांगितला. हा आपला तेरावा जन्म असून आता पुन्हा जन्म नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. संस्कारांचे ओझे उरले नाही, की सूक्ष्म देहाचा प्रवासही थांबतो, हे तत्त्व त्यांनी अनुभवाच्या भाषेत मांडले. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील शिऊर येथे त्यांची समाधी आहे. वासरापासून गुरूपर्यंत सर्वांत एकच आत्मा पाहणाऱ्या या स्त्रीने देहाच्या भेदांपलीकडे जाण्याची वाट आपल्या जीवनातून दाखविली.