विश्लेषण : तीच वीट, तेच मांजर, तरीही ‘क्रेझी कॅट’ थोर का? जॉर्ज हेरिमन यांनी कोणते सत्य आयुष्यभर झाकून ठेवले?

एक उंदीर मांजराच्या डोक्यात वीट मारतो. मांजराला वाटते, हेच त्याचे प्रेम. मांजरावर जीव असलेला पोलीस कुत्रा उंदराला तुरुंगात टाकतो. एवढ्याच गोष्टीवर अमेरिकी चित्रकार जॉर्ज हेरिमन यांनी ३० वर्षांहून अधिक काळ वृत्तपत्रात ‘क्रेझी कॅट’ ही चित्रपट्टी काढली. तिची गणना आजही जगातील सर्वोत्तम चित्रपट्ट्यांत होते. मात्र त्यांच्या मृत्यूनंतर २७ वर्षांनी एक जन्मनोंद समोर आली आणि या पट्टीकडे नव्याने पाहणे भाग पडले.

हेरिमन कोण होते?

हेरिमन यांचा जन्म २२ ऑगस्ट १८८० रोजी न्यू ऑर्लिन्स येथे झाला. कुटुंब क्रिओल, म्हणजे फ्रेंच आणि आफ्रिकी वंशाचा मिलाफ असलेल्या समाजातले. १८९० मध्ये लुइझियाना राज्याने रेल्वेत गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी वेगळे डबे बंधनकारक केले. क्रिओल समाजाने याविरुद्ध कायदेशीर लढा दिला, पण १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भेदभावालाच मान्यता दिली. हेरिमन साधारण दहा वर्षांचे असताना कुटुंब लॉस एंजेलिसला गेले. तिथे त्यांना कोणी ओळखत नव्हते. पुढे हे कुटुंब गोरे म्हणूनच वावरले.

‘क्रेझी कॅट’चा जन्म कसा झाला?

विशीत हेरिमन न्यूयॉर्कला गेले आणि वृत्तपत्रांसाठी व्यंगचित्रे काढू लागले. १९१० मध्ये विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या वृत्तपत्रात त्यांची ‘डिंगबॅट फॅमिली’ ही पट्टी सुरू झाली. चौकटींच्या तळाशी थोडी जागा उरत असे. ती भरण्यासाठी हेरिमन तिथे एक मांजर आणि एक उंदीर काढत. वरच्या कुटुंबाशी त्यांचा काही संबंध नसे. वाचकांना हे दोघे आवडले. १९१३ मध्ये त्यांना स्वतःची पट्टी मिळाली आणि १९१६ पासून रविवारचे पूर्ण पान.

यात कला नेमकी कोणती?

शेवट वाचकाला आधीच माहीत असतो. वीट येणार, हे ठरलेले. प्रश्न उरतो तो कशी येणार एवढाच. कधी इग्नॅट्झ नावाचा हा उंदीर वीट लपवून आणतो, कधी कुत्रा त्याला आधीच पकडतो, कधी वीट न लागल्यामुळे मांजरच हिरमुसते. तोच राग रोज नव्याने मांडणाऱ्या गवयासारखे हे काम आहे.

दुसरी गोष्ट पार्श्वभूमीची. कथा घडते ती कोकोनिनो काउंटीत. नाव ॲरिझोनातील खऱ्या काउंटीचे, पण दृश्ये प्रामुख्याने मॉन्युमेंट व्हॅलीची. नवाहो आदिवासींच्या या वाळवंटी प्रदेशात हेरिमन वारंवार जात. पट्टीत पात्रे जागच्या जागी बोलत उभी असतात, पण पहिल्या चौकटीतला डोंगर दुसरीत झाड होतो आणि तिसरीत तिथे कुंडी दिसते. दिवसाची रात्र होते. पात्रांना त्याचे काहीच वाटत नाही.

तिसरी गोष्ट पानाच्या रचनेची. त्या काळी बहुतेक पट्ट्या सारख्या आकाराच्या चौकटींत बसवल्या जात. हेरिमन मात्र गोष्टीनुसार पान आखत. वीट लांबून यायची असेल तर चौकट आडवी पसरते, कधी चौकटीची रेघच नाहीशी होते.

मांजर नर की मादी?

हेरिमन यांनी हे कधी ठरवलेच नाही. इंग्रजीत ते क्रेझीला कधी पुरुषवाचक, तर कधी स्त्रीवाचक सर्वनाम लावत. मराठीत ‘ते मांजर’ म्हणून आपली सहज सुटका होते, इंग्रजी वाचकाची मात्र पंचाईत होत असे. क्रेझीची भाषाही तशीच सरमिसळ आहे.

वाचक कमी, मग पट्टी टिकली कशी?

सामान्य वाचकाला ही पट्टी दुर्बोध वाटे आणि अनेक संपादकांना ती नको होती. पण मालक हर्स्ट स्वतः तिचे चाहते होते, म्हणून ती सुरू राहिली. रविवारचे पान सुरुवातीला विनोदी पुरवणीऐवजी कला आणि नाटकाच्या पुरवणीत छापले जाई. १९२४ मध्ये समीक्षक गिल्बर्ट सेल्डिस यांनी आपल्या पुस्तकात या पट्टीला थोर कलाकृतींच्या रांगेत बसवले. वृत्तपत्रातील चित्रपट्टीला असा मान मिळणे तेव्हा नवलाचे होते.

जन्मनोंदीत काय सापडले?

हेरिमन यांचे सहकारी त्यांना ग्रीक समजत. ते बहुतेक वेळा डोक्यावर हॅट ठेवत. आपल्या वंशाविषयी त्यांनी जाहीरपणे कधीच काही सांगितले नाही. २५ एप्रिल १९४४ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर गोरा वंश नोंदवला गेला. १९७१ मध्ये अभ्यासक आर्थर आसा बर्गर यांना त्यांची जन्मनोंद मिळाली. त्यात वंशाच्या रकान्यात ‘कृष्णवर्णीय’ अशा अर्थाची नोंद होती.

हे सत्य तेव्हा उघड झाले असते तर मोठ्या वृत्तपत्रातील नोकरी राहणे अवघड होते. लग्नही धोक्यात आले असते. त्यांची पत्नी मेबल गोरी होती आणि कॅलिफोर्नियात १९४८ पर्यंत अशा आंतरवंशीय विवाहांना कायद्याने बंदी होती.

त्यामुळे पट्टीचा अर्थ बदलतो का?

पट्टीतील प्रत्येक गोष्ट वंशाशी जोडणे योग्य नाही. पण काही पाने आता वेगळी दिसतात. एका पानात काळे क्रेझी ब्युटी पार्लरमधून पांढरे होऊन बाहेर पडते आणि इग्नॅट्झ चक्क त्याच्या प्रेमात पडतो. हे क्रेझीच आहे, हे कळताच तो पुन्हा वीट उचलतो. तेव्हाच्या वाचकाला तो निव्वळ विनोद वाटला असेल. पण तो काढणाऱ्या माणसाला रंग बदलला की जग कसे वागते, हे घरातूनच माहीत होते.

हेरिमन यांच्यानंतर काय?

लोकप्रिय पट्टीचा चित्रकार गेला की दुसऱ्याकडून ती पुढे चालवून घेण्याची तेव्हा पद्धत होती. ‘क्रेझी कॅट’बाबत तसे झाले नाही. आधीच काढून ठेवलेली पाने जून १९४४ पर्यंत छापली गेली आणि पट्टी थांबली. हेरिमन यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अस्थी मॉन्युमेंट व्हॅलीत विखुरल्या गेल्या. ‘पीनट्स’चे चार्ल्स शुल्झ आणि ‘केल्विन अँड हॉब्ज’चे बिल वॉटरसन हे दोघेही त्यांच्या कामाचे चाहते.

पट्टीची सुरुवातीची पाने अमेरिकेत स्वामित्व हक्काच्या मुदतीबाहेर गेली असून इंटरनेटवर पाहता येतात. मोबाइलवर उघडताना आधी पूर्ण पान एकदा नजरेखालून घाला, मग एकेक चौकट मोठी करा. वीट कुठे आहे ते शोधण्याआधी मागचे डोंगर पाहा.