रक्ताची ओळख पटवणारे डॉ. कार्ल लँडस्टायनर



भारतातून आई-बाबांचे रिपोर्ट येतात, किंवा इथे युट्रेख्टमध्ये हाउसआर्ट्स आपल्याला रक्त तपासायला पाठवतात. मग आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी असली नावं आणि पुढे 'पॉझिटिव्ह' हा शब्द दिसला की घरात काळजी सुरू होते. या तपासण्यांचा पाया ज्यांनी घातला, ते डॉ. कार्ल लँडस्टायनर काही वर्षं आपल्या अगदी शेजारी, म्हणजे रेल्वेने पाऊण तासावरच्या डेन हागमध्ये राहत होते. म्हणून या वेळी त्यांची ओळख करून द्यावी असं आम्हाला वाटलं.

त्यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी व्हिएन्नाजवळ झाला. वडील पत्रकार होते, पण कार्ल लहान असतानाच ते गेले आणि आईने त्यांना वाढवलं. १८९१ मध्ये ते डॉक्टर झाले. पण दवाखाना थाटण्याऐवजी ते पुन्हा विद्यार्थी झाले आणि रसायनशास्त्र शिकले. हेच शिक्षण पुढे कामी आलं.

एका माणसाचं रक्त दुसऱ्याच्या रक्तात मिसळलं की कधीकधी त्याच्या गुठळ्या होतात, हे तेव्हा माहीत होतं. अनेकांना ते आजाराचं लक्षण वाटे. लँडस्टायनर यांनी स्वतःचं आणि सहकाऱ्यांचं, म्हणजे निरोगी माणसांचं रक्त घेतलं, प्रत्येकाचं प्रत्येकाशी मिसळून पाहिलं आणि चक्क तक्ता मांडला. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना पटेल अशीच ही पद्धत! त्यातून १९०१ मध्ये तीन रक्तगट हाती लागले. चौथा, एबी, त्यांच्या सहकाऱ्यांना १९०२ मध्ये सापडला.

१९०४ मध्ये त्यांनी ज्युलियस डोनाथ यांच्यासोबत आणखी एक कोडं सोडवलं. काही रुग्णांना थंडीत गेल्यावर लाल लघवी होई. रुग्णाच्याच अँटिबॉडी थंडीत त्याच्याच रक्तपेशींना चिकटतात आणि ऊब मिळताच त्या पेशी फुटतात, हे त्यांनी परीक्षानळीत दाखवलं. शरीर स्वतःवर उलटत नाही, असं मोठमोठे शास्त्रज्ञ मानत होते, त्या काळातली ही गोष्ट. आज आपण याला ऑटोइम्यून आजार म्हणतो. आमवातही त्यातलाच.

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात खायला अन्न नव्हतं, शेकोटीला कोळसा नव्हता. १९१९ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, बायको आणि लहानग्या मुलाला घेऊन ते डेन हागला आले. एवढा नावाजलेला माणूस, पण काम मिळालं ते एका कॅथलिक रुग्णालयात रोजच्या रक्त-लघवी तपासणीचं. परदेशात नव्याने सुरुवात करणं काय असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको! तरीही त्यांनी इथे संशोधन सोडलं नाही. प्रथिनात रसायनाचा एक छोटासा तुकडा बदलला तरी अँटिबॉडीला तो फरक कळतो, यावरचं काम त्यांनी इथे पुढे नेलं.

पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटचं बोलावणं आलं. १९३० मध्ये नोबेल मिळालं. १९४० मध्ये अलेक्झांडर वीनर यांच्यासोबत आरएच घटकाचा शोध त्यांनी जाहीर केला. जून १९४३ मध्ये प्रयोगशाळेत काम करतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि २६ जूनला ते गेले.

त्यांचा वारसा मात्र आपल्या रिपोर्टमध्ये आहे. आमवाताच्या रुग्णाच्या रक्तद्रवात मेंढीच्या रक्तपेशींच्या गुठळ्या होतात, हे नॉर्वेच्या एरिक वालर यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध केलं. आरए फॅक्टर तो हाच. १९९८ मध्ये आपल्या नेदरलँड्समधल्याच नाइमेखेनच्या संशोधकांनी अँटी-सीसीपी तपासणीचा मार्ग दाखवला. तिचाही आधार प्रथिनातला असाच छोटासा बदल! आणि १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगट जगापुढे आणला. साध्या तपासणीत तो 'ओ' वाटतो, पण अशा माणसाला फक्त त्याच गटाचं रक्त चालतं.

कॅन्सरच्या उपचारात पाहिला जाणारा सीए १९-९ हा घटकसुद्धा लुईस नावाच्या रक्तगटाच्या साखरेपासून बनतो. काही लोकांत ती साखर तयारच होत नाही. त्यांचा आकडा कॅन्सर असूनही कमीच येतो. उलट आरए फॅक्टर काही निरोगी, विशेषतः वयस्कर मंडळींतही सापडतो, आणि आमवात असलेल्या काहींत सापडत नाही.

म्हणून मंडळी, एका आकड्यावरून घाबरून जाऊ नका आणि निर्धास्तही होऊ नका. सांधे सुजलेत का, सकाळी किती वेळ आखडतात, हे डॉक्टरांना नीट सांगा. लँडस्टायनर यांनीही एका थेंबावरून निष्कर्ष काढला नव्हता, पूर्ण तक्ता मांडला होता.

त्यांचा जन्मदिवस, १४ जून, जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने घरातल्या सगळ्यांचे रक्तगट लिहून ठेवा, आणि कुणाचा 'बॉम्बे' असेल तर तो हाउसआर्ट्सना आवर्जून कळवा!