बेडकाच्या पायापासून विद्युतघटापर्यंत : अलेस्सांद्रो व्होल्टा

मौदा येथील औष्णिक वीज केंद्राची स्थापित क्षमता २३२० मेगावॅट आहे. लिंबात तांब्याची व जस्ताची पट्टी खोचून शाळकरी विद्यार्थी जो साधा विद्युतघट बनवितात, त्यातून जेमतेम एक व्होल्ट दाब मिळतो. विजेचा दाब मोजण्याचे एकक मात्र दोन्हीकडे एकच आहे. ते ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या शास्त्रज्ञाला स्वतःच्या शोधामागील खरे कारण अखेरपर्यंत उमगले नाही.

अलेस्सांद्रो व्होल्टा यांचा जन्म १८ फेब्रुवारी १७४५ रोजी इटलीतील कोमो येथे झाला. १७७६ मध्ये त्यांनी मॅज्जोरे सरोवराच्या दलदलीतून मिथेन वायू गोळा केला. १७७९ मध्ये ते पाव्हिया विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

बोलोन्याचे लुइजी गॅल्व्हानी यांना दोन धातूंच्या स्पर्शाने मृत बेडकाचे पाय आखडताना दिसले होते. ही प्राणिज वीज असल्याचा निष्कर्ष त्यांनी १७९१ मध्ये प्रसिद्ध केला. व्होल्टा यांना आधी तो पटला, नंतर मात्र शंका आली. दोन भिन्न धातू जिभेला लावल्यावर त्यांना आंबट चव जाणवली. बेडूक हा केवळ विजेचा दर्शक असून उगम धातूंत आहे, असे त्यांनी मांडले. हा वाद मिटण्यापूर्वीच १७९८ मध्ये गॅल्व्हानी यांचे निधन झाले.

जस्त व चांदीच्या चकत्या आणि त्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेले पुठ्ठे अशी चळत व्होल्टा यांनी रचली. २० मार्च १८०० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून त्यांनी ती कळविली. प्रथमच सलग वाहणारी वीज माणसाच्या हाती आली. १८०१ मध्ये पॅरिसला नेपोलियनसमोर त्यांनी प्रात्यक्षिक केले. १८१० मध्ये त्यांना सरदारकी मिळाली.

वीज निव्वळ धातूंच्या स्पर्शातून निर्माण होते, अशी त्यांची धारणा होती. ५ मार्च १८२७ रोजी कोमो येथे त्यांचे निधन झाले. पुढे फॅरडे यांच्या प्रयोगांनी रासायनिक क्रियेचे महत्त्व सिद्ध केले. जस्त इलेक्ट्रॉन गमावते, हे ऑक्सिडीकरण. दुसऱ्या धातूपाशी ते स्वीकारले जातात, हे क्षपण. सजीवांच्या मज्जातंतूंतही वीज असते, हेही पुढे स्पष्ट झाले. म्हणजे गॅल्व्हानीही सर्वस्वी चुकले नव्हते.

१८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत परिषदेने व्होल्ट हे एकक स्वीकारले. विद्यार्थ्याच्या लिंबातील जस्ताची पट्टी आजही हळूहळू झिजते. विजेचा उगम त्या झिजण्यात आहे.