खांबावरचे अध्यक्ष हेन्री मिलर

१८९० च्या सुमारास अमेरिकेत लाइनमनचं काम म्हणजे जिवाशी खेळच. धड शिकवणारं कोणी नाही, मजुरी तुटपुंजी, विमा कंपन्या तर दारातही उभं करत नसत. टेक्सासचे हेन्री मिलर त्याच लाइनमनपैकी एक.

नोव्हेंबर १८९१ मध्ये सेंट लुईस शहरात एका नाचघराच्या माडीवर १० प्रतिनिधी जमले. त्यांच्यामागे सभासद अवघे २८६. मिलर अध्यक्ष झाले. पण खुर्ची कसली नि ऑफिस कसलं! हत्यारांची पिशवी उचलून, मिळेल त्या मालगाडीने ते गावोगाव फिरले. दिवसा खांबावर काम, रात्री सोबतच्या वायरमन-लाइनमनना एकच सांगणं : मालकाशी एकेकट्याने बोलू नका, सगळ्यांचा मिळून करार करा.

आज ७ लाखांहून अधिक सभासदांच्या वतीने मजुरी आणि सुरक्षेचे करार करणारी ‘इंटरनॅशनल ब्रदरहूड ऑफ इलेक्ट्रिकल वर्कर्स’ ही तीच युनियन.

१८९३ मध्ये मिलर यांचं अध्यक्षपद सुटलं, खांब मात्र सुटला नाही. जुलै १८९६ मध्ये वॉशिंग्टनमध्ये काम करताना त्यांना तारेचा शॉक बसला. ते खाली कोसळले आणि त्यातच गेले.